भिंतीअलीकडचा कोच

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, असं विचारलं तर आपण राज्यपाल म्हणू, मुख्य न्यायाधीश म्हणू, फार तर सरकारी इस्पितळातला एखादा नामांकित सर्जन म्हणू. बहुतेक ठिकाणी ही सगळी उत्तरं चुकतील. तो असतो राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच. हा फुटबॉल म्हणजे गोव्यात आणि कोल्हापुरात ज्यावर जीव टाकतात तो नव्हे. लांबोडका चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला आडवं करायचं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, असा हा खेळ. कॉलेजांच्या सामन्यांना लाख-लाख लोक मावतील अशी स्टेडियमं तिथे आहेत. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलंमुली पहिल्या हिवाळ्याआधीच विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून घरी फोटो पाठवतात, ते या शनिवारच्या सामन्यांचे.

या जगात सर्वाधिक विजयांच्या यादीत वरच्या ओळीत एक नाव आहे, एडी रॉबिन्सन. १९४१ साली त्यांना कोचची नोकरी मिळाली तेव्हा पगार होता महिना ६३ डॉलर ७५ सेंट. त्याआधी ते बॅटन रूज शहरातल्या एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करत होते. वय बावीस, हातात नुकतीच पदवी. उत्तर लुइझियानातल्या एका आडगावच्या कॉलेजात जागा आहे हे एका नातेवाइकाकडून कळलं, गेले आणि लागले. मग १९९७ सालापर्यंत ते तिथेच राहिले. रूझवेल्ट अध्यक्ष होते तेव्हा रुजू झाले, क्लिंटन अध्यक्ष असताना निवृत्त झाले. मधले धरून अकरा अध्यक्ष झाले. एकूण ५८८ सामने. त्यांत ४०८ जिंकले, १६५ हरले, १५ बरोबरीत सुटले.

आकडे मोठे आहेत, पण या लेखाचं कारण ते नव्हेत. रॉबिन्सन यांनी हे सगळं कुठे उभं राहून केलं, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

*

रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ चा, लुइझियानातल्या जॅक्सन नावाच्या गावातला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आई लोकांच्या घरी कामाला. पुढे कुटुंब बॅटन रूजला आलं. ही राज्याची राजधानी, आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठही इथेच. त्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे सबंध राज्याचा अभिमान. फुटबॉलवेड्या एडीने तिथे शिकावं, खेळावं असं कुणालाही वाटलं असतं. पण तिथे काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता. ज्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली ‘वेगळे पण समान’ ही पळवाट कायदेशीर ठरवली, तो खटला लुइझियानातल्याच रेल्वेच्या डब्याचा होता. व्यवहारात ‘वेगळे’ तेवढं पाळलं गेलं. शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, दवाखान्याचं दार वेगळं. एडी लेलँड कॉलेज या काळ्यांच्या छोट्या कॉलेजात गेले, तिथे क्वार्टरबॅक म्हणून खेळले.

नोकरी लागली ते कॉलेजही तशाच मुळातून उगवलेलं. गुलामी संपून एक पिढी उलटली तेव्हा त्या भागातल्या काळ्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की आपल्या मुलांना शाळा हवी. त्यांनी टस्कीगीला काळ्यांची शिक्षणसंस्था चालवणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. वॉशिंग्टन यांनी चार्ल्स अॅडम्स यांना पाठवलं आणि १९०१ साली शाळा सुरू झाली. रॉबिन्सन आले तोवर तिचं नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ असं झालं होतं. मैदानाच्या कडेला उभं राहून आपल्या संघाचा जयघोष करणाऱ्या मुली एवढं लांबलचक नाव पुरतं उच्चारेपर्यंत समोरचा संघ गुण मिळवून मोकळा होई, असा विनोद तिथे अजून सांगतात. १९४६ मध्ये नाव आटोपशीर झालं, ग्रॅम्बलिंग कॉलेज. ग्रॅम्बलिंग हे शाळेला जमीन देणाऱ्या एका गोऱ्या लाकूड-गिरणीवाल्याचं आडनाव.

कॉलेजचे प्रमुख राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स. नाव तत्त्वज्ञाचं, पण माणूस बेसबॉलवेडा; प्रमुखपद सांभाळून बेसबॉल संघाचा कोच तोच. १९३६ ते १९७७ असं चार दशकांहून जास्त काळ ते प्रमुख होते. त्यामुळे रॉबिन्सन यांना पहिली ३६ वर्षं एकच साहेब मिळाला आणि तो साहेब खेळातला होता. अशा योगाचं महत्त्व आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांत नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कोच म्हणजे तेव्हा सबकुछ कोच. रॉबिन्सन मैदानावर चुन्याच्या रेघा मारत, मुलांचे घोटे पट्टीने बांधत, सामन्याच्या मध्यंतरात नाचणाऱ्या मुलींची कवायत बसवत आणि सामना संपला की वर्तमानपत्रासाठी बातमीही स्वतःच लिहीत. बाहेरगावी जायचं तर निघण्याआधी सगळ्यांसाठी सँडविच बनवून घ्यावी लागत, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना वाढत नसत. कापूस वेचणीच्या दिवसांतली एक गोष्ट त्या भागात आवडीने सांगतात. संघातल्या दोघा भावांना वडिलांनी घरी ओढून नेलं, कापूस घरात आल्याशिवाय खेळ नाही म्हणाले. रॉबिन्सन अख्खा संघ घेऊन त्या शेतात उतरले, कापूस वेचून दिला आणि भावांना सामन्याला घेऊन गेले.

पहिलं वर्ष वाईट गेलं. तीन जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, नऊ सामने झाले आणि नऊही जिंकले. एवढंच नव्हे, त्या नऊ सामन्यांत समोरच्या संघांना एकही गुण मिळू दिला नाही. एवढा मोठा पराक्रम करून पुढची दोन वर्षं संघच नव्हता, कारण मुलं युद्धावर. रॉबिन्सन यांनी त्या काळात गावातल्या हायस्कूलचा संघ शिकवला.

*

व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी बंदी कुठेच नव्हती, मालकांचं आपसात ठरलेलं होतं. १९४६ साली लॉस एंजेलिस रॅम्सने दोघांना घेतलं, पण ते कॅलिफोर्नियातल्या मोठ्या, मिश्र विद्यापीठातून आलेले. काळ्यांच्या कॉलेजातल्या मुलाकडे कुणी बघतही नव्हतं. १९४९ मध्ये त्याच रॅम्सने ग्रॅम्बलिंगच्या पॉल ‘टँक’ यंगरला बोलावलं. यंगरला निरोप देताना रॉबिन्सन यांनी स्पष्ट बजावलं, की तू टिकला नाहीस तर आपल्या कॉलेजांतल्या पुढच्या मुलाला संधी मिळायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. एकवीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकायला हे ओझं फार होतं. पण ते खरं होतं, आणि यंगरने ते पेललं. दहा वर्षं खेळला, चार वेळा वर्षाच्या निवडक संघात आला. पुढे सॅन डिएगोच्या संघाचा सहायक महाव्यवस्थापक झाला.

त्यानंतर रीघ लागली. विली डेव्हिस ग्रीन बे पॅकर्सच्या सुवर्णकाळाचा खांब. पाच अजिंक्यपदं जिंकता जिंकता शिकागो विद्यापीठातून एमबीए झाला. बक ब्युकॅनन १९६३ साली अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्या लीगमध्ये तोवर काळ्या खेळाडूला तो मान मिळाला नव्हता. विली ब्राउनला निवडीत कुणीच घेतलं नाही, तरी तो पुढे महान बचावपटूंत गणला गेला. चार्ली जॉइनर १९८६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा सर्वाधिक झेलांचा विक्रम त्याच्या नावावर होता. हे चौघेही व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहेत. लहानशा गावातल्या एका कॉलेजातून दोनशेहून अधिक मुलं व्यावसायिक संघांत गेली.

ही मुलं घडली कशी? रॉबिन्सन यांच्या खेळात डावपेचांची चमक फारशी नव्हती. ‘विंग-टी’ नावाची जुनी रचना त्यांनी घट्ट धरून ठेवली आणि एकेक चाल अंधार पडेपर्यंत घोटून घेतली. पोथीतल्या ओव्या घोकाव्यात तसा प्रकार. पण त्यांचं खरं काम मैदानाबाहेर चाले. पहाटे ते वसतिगृहाच्या बोळातून गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवत फिरत: उठा, न्याहारी करा, वर्गात जा. खेळाडू वर्गात बसतो की नाही यावर त्यांची नजर असे. प्रवासाला निघताना कोट आणि टाय सक्तीचा. जेवणाच्या टेबलावर काटा-चमचा कसा धरायचा हेही ते शिकवत. गुबगुबीत पगारावरच्या आजच्या कोचांनी हे वाचून हसावं. पण ज्या मुलाला गोरा वार्ताहर, गोरा मालक, गोरा बँकवाला यांच्यासमोर पहिल्यांदाच बसायचं आहे, त्याच्यासाठी टायची गाठ हा वेशभूषेचा विषय नव्हता. आंबेडकरी चळवळीतल्या पहिल्या पिढीच्या घरांतले फोटो ज्यांनी पाहिलेत, इस्त्रीच्या कोटातले, नजर सरळ कॅमेऱ्यात रोखलेले, त्यांना हे लगेच उमजेल.

स्वतःचं शिक्षणही त्यांनी सोडलं नाही. आपल्या राज्याचं विद्यापीठ दार उघडेना म्हणून आयोवाला जाऊन १९५४ मध्ये एमए केलं. मोठ्या कोचांची व्याख्यानं, शिबिरं असत तिथे जाऊन वही भरून आणत.

आणखी एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे, कॉली निकोल्सन. दुसऱ्या महायुद्धात मरीन दलाचा युद्धवार्ताहर असलेला हा गृहस्थ ग्रॅम्बलिंगचा प्रसिद्धिप्रमुख झाला आणि टाइपरायटरच्या जोरावर त्याने हे गाव अमेरिकेच्या नकाशावर आणलं. काळ्यांच्या साप्ताहिकांना दर आठवड्याला बातम्या, खेळाडूंना लक्षात राहतील अशी टोपणनावं, मोठ्या शहरांत सामने. सप्टेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ग्रॅम्बलिंग आणि मॉर्गन स्टेट यांच्या सामन्याला साठ हजारांवर लोक आले. ग्रॅम्बलिंग ९-७ असं हरलं, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. १९७६ मध्ये हेच दोन संघ थेट टोकियोत खेळले. कॉलेजचा बँड तर संघाच्याही पुढे गेला होता. १९६७ च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात वाजवणाऱ्यांत तो होता. १९७४ पासून सदर्न विद्यापीठाविरुद्धचा वार्षिक सामना न्यू ऑर्लिन्समध्ये ‘बायू क्लासिक’ या नावाने भरू लागला. ती लुइझियानातल्या काळ्या समाजाची जत्राच होऊन बसली.

*

तरी एक जागा बंदच होती. क्वार्टरबॅक.

या खेळात प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. समोरची फळी वाचायची, दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा, दहा जणांना हुकूम सोडायचा. मालकांचं मत असं, की काळा माणूस धावेल, उडी मारेल, धडक देईल; डोकं चालवायचं काम त्याचं नाही आणि गोरे खेळाडू त्याचा हुकूम मानणार नाहीत. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेला काळा मुलगा व्यावसायिक संघात गेला की त्याला दुसऱ्या जागेवर टाकत. उघड कुणी बोलत नसे. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांची विभागणी कशी होते, हे आपल्याला बाबासाहेबांनी समजावून ठेवलंय, म्हणून जास्त लिहीत नाही.

एवढे खेळाडू पाठवलेत, मग क्वार्टरबॅक का नाही, हा प्रश्न प्रसिद्ध समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी रॉबिन्सन यांना विचारला होता. तो त्यांना लागला. जेम्स हॅरिस नावाचा उंच, जोरदार फेकीचा मुलगा त्यांनी हेरला आणि त्याला मुद्दाम व्यावसायिक पद्धतीने तयार केलं. पळणारा क्वार्टरबॅक दिसला की लोक त्याला दुसरीकडे टाकायला निमित्त शोधतील, म्हणून उभं राहून फेकणारा. १९६९ मध्ये बफेलो बिल्सने हॅरिसला आठव्या फेरीत घेतलं. हॅरिसने जागा बदलायला नकार दिलेला होता. त्याच मोसमाचा पहिला सामना त्याने क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला; व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोसमाची सुरुवात काळ्या क्वार्टरबॅकने करण्याची ही पहिलीच वेळ. पुढे रॅम्सकडून खेळताना तो निवडक खेळाडूंच्या सामन्यात सर्वोत्तम ठरला. तरी त्याच्याकडे कायम ‘तात्पुरता’ म्हणूनच पाहिलं गेलं.

मग आला डग विल्यम्स. १९७४ ते १९७७ ग्रॅम्बलिंगचा क्वार्टरबॅक. शेवटच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात चौथा. टँपा बेच्या संघाने त्याला बघायला आपला एक सहायक कोच लुइझियानात पाठवला, जो गिब्स. गिब्स यांनी त्याच्याबरोबर बसून तासन्‌तास फळ्यावर चाली मांडल्या आणि अनुकूल अहवाल दिला. १९७८ मध्ये पहिल्या फेरीत विल्यम्सची निवड झाली.

दहा वर्षांनी, ३१ जानेवारी १९८८ रोजी, सॅन डिएगोत सुपर बोल. वॉशिंग्टनचा संघ डेन्व्हरविरुद्ध. वॉशिंग्टनचे कोच तेच जो गिब्स, क्वार्टरबॅक तोच विल्यम्स. सामन्याआधीचा आठवडाभर वार्ताहरांनी त्याला त्याच्या रंगाबद्दलच विचारलं होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत डेन्व्हर १०-० पुढे. विल्यम्सचा गुडघा मुरगळला, काही चालींसाठी तो बाहेर गेला. मग दुसरं सत्र सुरू झालं आणि त्या पंधरा मिनिटांत वॉशिंग्टनने ३५ गुण केले. चार टचडाउन विल्यम्सच्या फेकीवर. अखेर ४२-१०, फेकींचे ३४० यार्ड, सामन्याचा मानकरी डग विल्यम्स. सुपर बोल सुरू करणारा आणि जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक. अडुसष्ट वर्षांचे रॉबिन्सन त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. सामना संपल्यावर गुरू-शिष्य एकमेकांच्या गळ्यात पडले. कोसेल यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वीसेक वर्षं लागली होती.

*

रॉबिन्सन यांच्यावर टीकाही झाली, आणि ती आपल्याच माणसांकडून. १९६७ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं: इथे अभ्यासापेक्षा फुटबॉलला जास्त महत्त्व आहे, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाचं काय? बऱ्याच विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. बाहेर ब्लॅक पँथरचा जोर होता. मराठी वाचकाला ही सगळी चळवळ परिचयाची आहे, कारण तिचं नाव घेऊनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या मुठी वळलेल्या काळात रॉबिन्सन मात्र अमेरिकेवर, झेंड्यावर, कष्टावर श्रद्धा असल्याचं उघड सांगत. मला काळा कोच म्हणू नका, अमेरिकन कोच म्हणा, असा त्यांचा सूर. तरुणांना हे लाचारीचं वाटलं.

विद्यार्थ्यांचा ग्रंथालयाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. लाचारीचा पटत नाही. रॉबिन्सन मोर्चात चालले नाहीत हे खरं. पण मालक मंडळींचं जे गृहीतक होतं, की काळ्यांच्या कॉलेजात काही चांगलं निपजू शकत नाही, ते त्यांनी तीस वर्षं दर रविवारी दूरचित्रवाणीवर खोटं पाडलं. मोर्च्याने कायदा बदलतो. कायद्यानंतरही जी जागा बंद राहते, तिथे हॅरिस आणि विल्यम्स लागतात. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि एकाच माणसाने दोन्ही करावीत असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

त्यांच्या कारकिर्दीतली खरी कोंडी दुसरीच आहे. तिच्याविषयी कमी लिहिलं जातं.

१२ सप्टेंबर १९७०. अलाबामात तिथल्या विद्यापीठाचे नामांकित कोच बेअर ब्रायंट यांच्या पूर्ण गोऱ्या संघाला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने ४२-२१ असं झोडपलं. सॅम कनिंगहॅम नावाच्या काळ्या खेळाडूने त्या दिवशी धुमाकूळ घातला. ब्रायंट यांनी त्याआधीच एका काळ्या मुलाला शिष्यवृत्ती देऊन घेतलं होतं, पण या पराभवानंतर दक्षिणेतल्या प्रेक्षकांचा विरोध मावळला. काही वर्षांतच दक्षिणेतली सगळी मोठी विद्यापीठं काळी मुलं शोधत गावोगाव फिरू लागली. लुइझियाना स्टेटही. भिंत पडली. आणि ग्रॅम्बलिंगचा झरा आटू लागला. ज्या मुलाला पूर्वी ग्रॅम्बलिंगशिवाय पर्याय नव्हता, त्याला आता ऐंशी हजारांचं स्टेडियम, नवी व्यायामशाळा आणि दर शनिवारी दूरचित्रवाणी मिळत होती. विल्यम्ससारखा मुलगा पुढच्या पिढीत ग्रॅम्बलिंगला येण्याची शक्यताच उरली नाही. आयुष्यभर ज्यासाठी झटले, ते साधल्यामुळे रॉबिन्सन यांचा संघ दुबळा झाला. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत.

दारं खेळाडूंसाठी उघडली, कोचांसाठी नाही. मुलं घेतली, पण ती घडवणारी माणसं घेतली नाहीत. वरच्या गटातल्या विद्यापीठाने पहिला काळा मुख्य कोच नेमला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेटने विली जेफ्रीज यांना. आधुनिक काळातल्या व्यावसायिक लीगला तर त्यासाठी १९८९ उजाडावं लागलं. तोवर रॉबिन्सन सत्तरीत होते.

*

५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसच्या कॉटन बोलमध्ये प्रेअरी व्ह्यूला २७-७ असं हरवून रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि दिवंगत बेअर ब्रायंट यांचा ३२३ चा विक्रम मागे टाकला. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. आणि लगेच कुजबुज सुरू झाली: हो, पण हे विजय कुणाविरुद्ध? छोट्या कॉलेजांविरुद्धच ना?

हा आक्षेप मला एकतर्फी वाटतो. ब्रायंट यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग ज्या संघांविरुद्ध गेला, त्यांतही काळ्या मुलांना मज्जाव होता. म्हणजे दोघेही अर्ध्या मैदानावरच खेळले. फरक एवढाच, की कोणत्या अर्ध्यात खेळायचं हे रॉबिन्सन यांनी ठरवलेलं नव्हतं. ते स्वतः या तुलनेत कधी शिरले नाहीत. ब्रायंट यांच्याबद्दल आदरानेच बोलत आणि वर म्हणत, की माझा खरा विक्रम एकच नोकरी आणि एकच बायको हा आहे. पत्नी डॉरिस यांच्याशी लग्न १९४१ सालचं, नोकरीच्याच वर्षीचं.

थांबावं कधी हे मात्र त्यांना कळलं नाही. ७ ऑक्टोबर १९९५ ला ४०० वा विजय झाला, तिथे थांबते तर शोभलं असतं. पण तो मोसम पाच विजय, सहा पराभव असा संपला. त्यापुढची दोन्ही वर्षं तीन विजय, आठ पराभव. नियमभंगाबद्दल राष्ट्रीय क्रीडा संघटनेची चौकशी झाली आणि कारवाईही. १९९६ च्या अखेरीस विद्यापीठाने त्यांना बाजूला करायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर एवढा गदारोळ झाला, की शेवटचं एक वर्ष द्यावं लागलं. माझ्या मते विद्यापीठाचं म्हणणं बरोबर होतं. २९ नोव्हेंबर १९९७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये शेवटचा सामना झाला, सदर्नविरुद्ध ३०-७ असा पराभव. त्यांच्या जागी आला डग विल्यम्स.

निवृत्तीनंतर लवकरच अल्झायमरने गाठलं. ज्या माणसाला शेकडो मुलांची, त्यांच्या आईबापांची नावं पाठ होती, त्याला हे व्हावं. ३ एप्रिल २००७ रोजी रस्टन इथे त्यांचं निधन झालं, वय ८८. पार्थिव बॅटन रूजला राज्याच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. त्याच शहरातल्या विद्यापीठाने कधीकाळी त्यांना प्रवेश नाकारला असता, अर्ज करण्याचीही सोय ठेवली नव्हती.

त्यांच्या पश्चात ४०८ या आकड्याचं जे झालं ते अजबच आहे. मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजचे कोच जॉन गॅग्लियार्डी यांनी तो २००३ मध्येच ओलांडला होता, पण ते तिसऱ्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीत पेन स्टेटचे जो पॅटर्नो यांनी २९ ऑक्टोबर २०११ ला ४०९ वा विजय मिळवला. आठवडाभरात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने लहान मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं, पॅटर्नो यांना काढून टाकलं. २०१२ मध्ये संघटनेने त्यांचे १११ विजय पुसले, रॉबिन्सन पुन्हा पहिले. २०१५ मध्ये तडजोड होऊन ते विजय परत दिले, रॉबिन्सन पुन्हा दुसरे. या सगळ्यात रॉबिन्सन यांचा एकही सामना बदलला नव्हता.

ग्रॅम्बलिंगची स्थिती त्याहून जास्त बोलकी आहे. राज्याने अनुदान कापत नेलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जाण्याची बस धरायलाच नकार दिला. सामना सोडून द्यावा लागला. तक्रारी होत्या बुरशी आलेल्या खोल्यांच्या, फाटक्या जमिनीच्या व्यायामशाळेच्या, लांबलचक बसप्रवासाच्या. दुसऱ्यांदा कोच म्हणून आलेल्या डग विल्यम्सला त्याआधी महिनाभर काढून टाकलेलं होतं. काळ्या कॉलेजांतून मुलं नेऊन कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या विद्यापीठांनी आणि लीगने या कॉलेजांना काय परत दिलं, हा प्रश्न त्या नकारातून उभा राहतो, त्याला अजून धड उत्तर मिळालेलं नाही.

ग्रॅम्बलिंगमध्ये २०१० पासून रॉबिन्सन यांच्या नावाचं संग्रहालय आहे. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये वरच्या गटातल्या सर्वोत्तम कोचला फुटबॉल लेखकांची संघटना दर वर्षी पुरस्कार देते, तो एडी रॉबिन्सन यांच्या नावाचा. त्याखालच्या गटातला तसाच पुरस्कारही त्यांच्याच नावाचा. वरच्या गटातल्या एकाही विद्यापीठात त्यांनी कधी नोकरी केली नाही.